ऋतिकाच्या नावावरचं कर्ज

राहनाळ, ता. भिवंडी
९ जानेवारी २०२४

चि. ऋतिका,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या भाओजींचा केलास, तुझ्या भाच्याचा, सार्थकचाही केलास. म्हणून पत्र लिहिते. पोस्टानं आलेलं ब्लॉक करता येत नाही, हे मी फायनान्स कंपनीकडून शिकले. त्यांच्या नोटिसा सात महिने न चुकता येताहेत. पोस्टमन आता विचारतो, काकी, उघडून तरी बघता का? मी त्याला चहा देते आणि विषय बदलते.

तू रागावलीस ते बरोबर आहे, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पत्र इथेच फाडशील. भाऊबीजेला माहेरी वळ गावात, आपल्या धनेशच्या घरी, ओवाळणीचं ताट हातात असताना तू बोललीस. एरवी तू नाशिकच्या हॉस्पिटलातली शुद्ध भाषा बोलतेस, त्या दिवशी तोंडात गावची आली. "सोळा वर्सं नोकरी केली, ताई, एक दिवस बिनपगारी न्हाय. नि बँकेतली पोर मना सांगते, तुमी थकबाकीदार हाय." भाऊ, वहिनी, शेजारच्या दोन बायका, सगळ्यांनी ऐकलं. आणि मी काय म्हणाले, तर सणाच्या दिवशी नको गं. याहून वाईट उत्तर मला दोन महिने शोधूनही सापडलेलं नाही.

तुझ्या घराचे एक लाख बुडाले हे मला वहिनीकडून कळलं. बँकेनं कर्ज नाकारलं आणि बिल्डरनं बुकिंगचे पैसे परत दिले नाहीत म्हणे. तुझे यजमान गेल्यापासून सहा वर्षांत चार भाड्याची घरं बदललीस, दर वेळी पोरीची शाळा लांब पडली, आणि आता कुठे स्वतःच्या दोन खोल्या होणार होत्या. त्या माझ्या हप्त्यांमुळे गेल्या. तू सहकर्जदार म्हणून सही केलीस ती माझ्या खानावळीसाठी, लॉकडाऊननंतर नव्यानं उभी राहावी म्हणून. मी तुला म्हटलं होतं, नुसती सही आहे गं, तुला काही तोशीस नाही.

कर्ज दोन लाखांचंच होतं. व्याजावर व्याज, दंडावर दंड चढत आकडा फुगला. गेल्या मे महिन्यात समोरच्या मोठ्या गोडाऊननं स्वतःची कँटीन काढली आणि माझी एकशे चाळीस ताटं एका आठवड्यात पंचेचाळीसवर आली. त्यानंतर हप्ता भरता आला नाही. हे कारण आहे, सबब नाही.

एवढंच सांगायचं होतं की तुझं नाव मी स्वच्छ करीन. कसं ते अजून माहीत नाही. पोरीला आशीर्वाद.

तुझी ताई

---

राहनाळ
२२ मार्च २०२४

चि. ऋतिका,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमनची सायकल दिसली की मी बघते.

वसुलीला कोण येतो माहीत आहे का? महादू. आपल्या वळचा, गुणाबाईचा मोठा. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तुझ्या वेणीला खडू लावायचा तो. आता पस्तीशी उलटली, पोट सुटलंय, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पहिल्या दिवशी दारात येऊन मोठ्यानं बोलायला लागला, जेवणारी माणसं ऐकतील असं. मी म्हटलं, आधी जेव, मग ओरड. त्यानं जेवून घेतलं आणि मग ओरडायचं विसरला. जाताना म्हणाला, "काय करू ताई, ड्युटी हाय. मना पन घरचा हप्ता हाय." तेव्हापासून दर पंधरवड्यानं येतो, जेवतो, जेवणाचे पैसे देतो, आणि वहीत लिहितो की कर्जदार घरी आढळली नाही. मला त्याचा राग येत नाही. त्यालाही कोणीतरी वरून ओरडतच असणार.

कर्जदाराची पत मोजणारं सिबिल नावाचं ते प्रकरण मी आता समजून घेतलं. मोबाइलवर वर्षातून एकदा फुकट बघता येतं. नऊशेपैकी पाचशे अकरा पडले. दहावीला आपल्या दोघींना एवढे पडले असते तर बाबांनी गावजेवण घातलं असतं. इथे मात्र नापास.

मी सगळी देणी एका कागदावर मांडली. किराणावाला, गॅसवाला, बचत गट आणि फायनान्स कंपनी. आधी लहान लहान संपवतेय. गटाचे फिटले, किराणाचे होळीपर्यंत फिटतील. बिशी बंद केली. सार्थकला म्हटलं, तुझ्या मोटारसायकलचा हप्ता तूच भर, तर तो काल्हेरला सासरच्या खोलीवर राहायला गेला. सून येते कधीतरी, भाकऱ्या थापून जाते. पोरगा येत नाही. तुझे भाओजी गोडाऊनच्या गेटवर बारा तास उभे राहतात आणि घरी आले की पाय पाण्यात घालून बसतात. आम्ही आता फारसं बोलत नाही. भांडायलाही जोर लागतो.

धनेशकडे मी गेले होते. गोडाऊनसाठी बाबांची जमीन विकली तेव्हा आपण दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, आठवतं ना, तुला हिरवी साडी मिळाली आणि मला मोरपंखी. मी तेव्हाचं काही मागितलं नाही, उसने मागितले. तो म्हणाला, "बाय, तुना देलं तं रुतीला पन द्याला लागंल, मंग तुजी वहिनी मना घरात घेल काय?" वहिनी आतून ऐकतच होती. दोघांनी मला पिशवीभर सुके बोंबील दिले. मी आणले. खानावळीत कामाला आले.

ताई

---

राहनाळ
१४ जून २०२४

माझ्या ऋतू,

मिटलं. पहिल्यांदा तेच लिहिते. मिटलं.

कंपनीनं तोडगा काढला. म्हणजे मी काढायला लावला. त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी फोन करायची, हिंदीतून, आवाज गोड पण दगडासारखी. तिचं म्हणणं, चार लाख दहा हजार येणं आहे, सेटलमेंट करा, दोन लाख ऐंशी द्या. मी म्हटलं, एक लाख. ती हसली. तिला काय माहीत, मी वीस वर्षं भिवंडीच्या मार्केटात कांदा घेतेय. मी फोन ठेवून द्यायचे, ती दुसऱ्या दिवशी परत करायची. नऊ दिवस आमचा हा खेळ चालला. नवव्या दिवशी तिनं एक लाख पंचाहत्तर म्हटलं आणि मी भाजीवाल्याकडे करते तसं तोंड केलं, फोनवर दिसत नाही तरी. दोन लाख पस्तीस हजार सोडायला लावले मी त्यांना. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी जेवणाऱ्या सगळ्यांना शिरा वाढला.

पाटल्या मोडल्या. सासूबाईंनी घातलेल्या. सोनाराकडे काढून देताना हात हलका लागला आणि मग दिवसभर हलकाच लागत राहिला. वरचे थोडे कमी पडले ते मोठे दोन टोप आणि फ्रिज विकून घातले. एकरकमी भरले, पावती घेतली, कर्जखातं मिटल्याचं पत्र घेतलं.

त्या पत्राच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवते. दुसऱ्या पानावर नुसते आकडे आणि तारखा आहेत, ते तुला नको.

आपल्या गावात पंच बसले, आकडा ठरला, चहा झाला की तो विषय परत कोणी काढत नाही. काढला तर काढणाऱ्यालाच लाज. तसं हे झालं. आता तू नव्यानं कर्जाला अर्ज कर. या वेळी ती पोर तुला खुर्ची देईल. मला फोन नाही केलास तरी चालेल, पण घराचा पत्ता पाठव. मी लांबून बघून येईन.

खूप बरं वाटतंय गं. वर्षभरानं दुपारी झोपले.

तुझी ताई

---

राहनाळ
३ सप्टेंबर २०२४

ऋतिका,

तुझं पाकीट आलं. वरचं अक्षर बघून मी हात धुतले, पदराला पुसले, मग उघडलं. आत पत्र नाही. नुसता तुझा सिबिलचा कागद, आणि 'सेटल्ड' या शब्दाखाली तांबड्या पेनानं तीन रेघा. आणखीही एक खूण केली आहेस, एका आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. तीही पाहिली. तिच्याबद्दल मग लिहीन.

म्हणजे बँकेत तुला दुसऱ्यांदा नाही म्हणाले. आणि ते माझ्या शिऱ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भिवंडीतल्या शाखेत गेले. तिथे माधव नावाचे साहेब आहेत, पन्नाशीचे, शर्टाचं वरचं बटण लावणारे. त्यांनी तुझा कागद शांतपणे वाचला आणि मला शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. सेटलमेंट म्हणजे कंपनीनं नुकसान सोसलं. खातं बंद झालं, पण पूर्ण फिटलं नाही. हे मूळ कर्जदाराच्या आणि सहकर्जदाराच्या, दोघींच्या नावापुढे सात वर्षं दिसत राहणार. ज्या बँकेत ऋतिका जाईल तिथे आधी हे वाचलं जाणार. मी जेवढं घासाघीस करून कमी केलं, तेवढाच डाग मी तुझ्यावर ठेवला. नऊ दिवस मी स्वतःला हुशार समजत होते. मला कांदा घेता येतो, एवढंच.

मी म्हटलं, मग माफ केलेले दोन लाख पस्तीस हजार घ्या परत. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "बाई, अठ्ठावीस वर्षं या धंद्यात काढली. सोडलेले पैसे घ्या म्हणायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मी तीन वेळा गेले. एकदा ते रजेवर होते, एकदा मुंबईहून उत्तर आलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले, चालेल. पाच हजार शुल्क धरून महिना बारा हजार, वीस महिने. शेवटचा भरला की दोघींच्या नावापुढे 'पूर्ण फेड' असं येईल. उशिरा भरल्याच्या खुणा काही वर्षं राहतील, पण त्या फिक्या होत जातात. मी शाखेतून निघाले ते भिवंडीच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. वज्रेश्वरीची गाडी उभी होती. लहानपणी आई आपल्या दोघींना तिथल्या गरम कुंडात बसवायची, खरूज जावी म्हणून. क्षणभर वाटलं, चढावं आणि बसावं जाऊन तिथे पाण्यात. पण संध्याकाळच्या डाळी भिजवायच्या होत्या.

पहिला हप्ता भरलाय. वीस महिने म्हणजे एप्रिल २०२६. तेवढं थांब म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

ताई

---

राहनाळ
१९ जानेवारी २०२५

ऋतिका,

पाच हप्ते झाले. एकदाही तारीख चुकली नाही. महादूनं स्वतःहून येऊन सांगितलं की त्याच्या यादीतून माझं नाव गेलं. म्हणाला, आता कारण न्हाय पन जेवाला येन. येतो.

माधव साहेबांनी आणखी एक शिकवलं. बँकेत पंधरा हजारांची ठेव ठेवली, त्यावर एक कार्ड मिळालं. त्यावर महिन्याला तेलाचे दोन डबे घ्यायचे आणि तारखेच्या आधी पैसे भरून टाकायचे, दुसरं काही नाही. पत म्हणे अशी परत येते. पाचशे अकराचे पाचशे सत्तेचाळीस झाले. मला त्यात आनंद होत नाही असं नाही, होतो. पण मी थकले आहे. पहाटे चारला उठते, साठ ताटं होतात आता, रोटीवाल्यांना रोटी, भाकरीवाल्यांना भाकरी. कंबर धरते. बारा हजार बाजूला काढले की उरलेल्या पैशांत महिना कसा जातो ते विचारू नकोस. फ्रिज नाही म्हणून मासळी रोजची रोज आणावी लागते आणि उरली तर ती आम्हीच खातो.

त्या प्रश्नचिन्हाबद्दल. चार महिने टाळलं.

तू साडेतीन लाखांपुढे प्रश्नचिन्ह केलंस. तुझी सही दोन लाखांवर होती, आणि दोन लाखांचे साडेतीन व्याजानं होत नाहीत, एवढं तुलाही कळतं. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. दुसरं पान पाठवलं नाही ते त्याचसाठी.

पहिलं कर्ज मी चौदा महिने नीट भरलं. मग कंपनीतून फोन आला, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, टॉप-अप घ्या. जुनं कर्ज त्यातून फेडलं जाईल आणि वरचे पैसे हातात. सार्थकचं लग्न ठरलं होतं. लग्न मुलीकडे होतं, हळद आपल्याकडे. तू हळदीला आली होतीस. बेंजो, डीजे, आठशे माणसांना मटण, मांडवाला झुंबरं. तू मला म्हणालीस, ताई, खानावळ बरी चाललीय वाटतं. मी हसले. ती झुंबरं टॉप-अपची होती.

का केलं ते मला माहीत आहे. धनेशच्या पोरीच्या हळदीला आपण दोघी कोपऱ्यात बसलो होतो, आपल्याच बाबांच्या जमिनीच्या पैशावर झालेल्या मांडवात, आणि वहिनीनं आपल्याला दोन वेळा विचारलं, जेवलात ना? पाहुण्याला विचारतात तसं. तेव्हाच ठरवलं की माझ्या पोराच्या हळदीला त्यांना मी विचारीन. विचारलंही. वहिनी हो म्हणाली आणि पानात मटण तसंच टाकून उठली. एवढ्यासाठी दीड लाख.

यापुढचं एक उरलं आहे. आज लिहिवत नाही.

ताई

---

राहनाळ
१२ जुलै २०२५

ऋतू,

वहिनी परवा भिवंडीत भेटली. तिच्याकडून कळलं की तुमच्या हॉस्पिटलच्या सोसायटीत घरं निघाली आहेत, नोकरीतल्यांना जुन्या भावानं, आणि अर्जासोबत बँकेचं मंजुरीपत्र एकतीस ऑगस्टच्या आत द्यायचं आहे. यानंतर तुझ्या पगारात नाशिकमध्ये घर होणार नाही, असंही ती म्हणाली. आणि मालकानं तुला दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलंय. हे सगळं सांगताना तिच्या आवाजात दया होती. ती ऐकून मला फार राग आला, आणि मग राग कोणावर काढायचा ते सापडेना.

माझे अकरा हप्ते झाले आहेत. नऊ राहिले. एकतीस ऑगस्टला ते संपत नाहीत. मी हिशेब करून बघितला, ठेव मोडून बघितली मनातल्या मनात, गॅसच्या शेगड्या विकून बघितल्या. नाही संपत. आणि संपले तरी उशिराच्या खुणा राहतात.

म्हणून मी माधव साहेबांकडे गेले आणि एक प्रश्न विचारला. सहकर्जदाराला टॉप-अप माहीतच नसेल तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की तुझं पहिलं कर्ज टॉप-अपनं पूर्ण फिटलं, ते तुझ्या नावावर चांगलंच दिसतं. सगळी काळी बाजू टॉप-अपची आहे. तुझी संमती फसवून घेतली असं सिद्ध झालं तर ते खातं तुझ्या नावावरून पूर्ण निघतं, साधारण महिनाभरात. "पण बाई, लेखी लागतं. आणि तसं लेखी आलं की मला ते वर पाठवावंच लागेल. मग फसवणुकीची केस तुमच्यावर होते. घरी जा, विचार करा."

मी घरी आले. विचार करायला चार दिवस लागले. ते दिवस मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की मला भीती वाटते. पोलीस स्टेशनची वाटते, सार्थकच्या सासरची वाटते, खानावळ बंद पडली तर काय खायचं याची वाटते. फेडत आणलेलं सगळं परत शून्यावर जाईल. पाचशे ब्याऐंशी झाले होते. आणि तू मला पुन्हा कधीच ताई म्हणणार नाहीस, याची सर्वांत जास्त वाटते. तुझ्या मनात आजवर मी फक्त चुकलेली होते, आता चोर होईन. तरी जे खरं आहे ते असं.

टॉप-अप घेतला त्या दिवशी मी तुला दुपारी फोन केला. तू वॉर्डात होतीस. म्हणालीस, "ताई, लवकर बोल, पेशंटचं ड्रेसिंग अर्ध्यावर आहे." मी म्हटलं, जुन्या कर्जाचे कागद नवे करताहेत, तुझ्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा वाच. तू विचारलंस, कसला? मी म्हटलं, काही नाही गं, केवायसी. तू सहा आकडे वाचलेस. मी ते तांदळाच्या गोणीवर खडूनं लिहून घेतले. तू म्हणालीस, जेवलीस का? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. समोर कंपनीचा माणूस टॅब घेऊन बसला होता. त्याला मी सांगितलं की बहिणीशी बोलणं झालंय, तिला सगळं माहीत आहे.

तू परक्या माणसाला कधीच ओटीपी दिला नसतास. मला दिलास.

खाली लिहिलंय ते वेगळ्या कागदावरही लिहून सोबत जोडलं आहे, म्हणजे तुला हे घरगुती पत्र कोणाला दाखवावं लागणार नाही.

मी, सौ. दिपाली पंढरी तरे, वय ४६, राहणार राहनाळ, ता. भिवंडी, जि. ठाणे, लिहून देते की १६ सप्टेंबर २०२२ रोजी माझ्या नावे घेतलेल्या साडेतीन लाख रुपयांच्या वाढीव कर्जाची माझी बहीण ऋतिका हिला कोणतीही माहिती नव्हती. तिचा ओटीपी मी खोटं कारण सांगून घेतला. त्या कर्जातला एक पैसाही तिला मिळालेला नाही. सर्व रक्कम मी वापरली. याची पूर्ण जबाबदारी माझी आहे. हे मी शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

साक्षीदार म्हणून तुझ्या भाओजींची सही आहे. त्यांना हे सगळं आजच कळलं. त्यांनी चष्मा मागितला, दोनदा वाचलं आणि सही केली. मग बाहेर जाऊन बसले. अजून तिथेच आहेत.

मला माहीत आहे, हा कागद हातात घेऊन बँकेत जायला तुझे पाय अडतील. तू लहानपणापासून तशीच आहेस, मार मी खायचे आणि रडायचीस तू. या वेळी अडू नकोस. दया करून कागद कपाटात ठेवशील तर एकतीस तारीख निघून जाईल, आणि मग मी आयुष्यभर हप्ते भरले तरी ते घर मला तुला देता येणार नाही. उद्याच रजा टाक आणि जा.

चौकशीला कोणी येणार असेल तर त्यांना सांग, दुपारी तीननंतर या. तोपर्यंत सगळी माणसं जेवून गेलेली असतात.

दिपाली